अहिराणीच्या उंबरठ्यावर

पुण्यामुंबईहून बदली होऊन धुळ्यास आलेल्या गृहस्थाला खानदेशी भाषेचा पहिला धडा गावाच्या नावातच मिळतो. पाटीवर 'धुळे' लिहिलेले असते. पण बाजारात टोपली घेऊन बसलेली, जवळच्या खेड्यातून आलेली बाई आपल्या सोबतिणीशी बोलताना 'धुये' म्हणते. जळगावाचेही तिच्या तोंडी 'जयगाव' होते. मराठीतला 'ळ' या भागात जिभेवर ठरत नाही, तो 'य' होऊन निसटतो. डोळा तो डोया, काळा तो काया, पोळी ती पोयी आणि डाळ ती दाय. ही खूण ध्यानात आली म्हणजे निम्मे कोडे सुटले असे नव्या माणसास वाटते. मोठ्या उत्साहाने तो पुढे होतो आणि त्या बाईला वांग्यांचा भाव विचारतो. बाई त्याच्या पोशाखाकडे व बोलण्याकडे क्षणभर लक्ष देते आणि उत्तर देते ते शाळेतल्या मराठीत! सोबतिणीकडे वळताच तिची भाषा पुन्हा बदलते.

हा अनुभव एकट्यादुकट्याचा नव्हे. कचेरी, न्यायालय, शाळा, वर्तमानपत्र, बँक ही सारी ठिकाणे प्रमाण मराठीवर चालतात. त्यामुळे परगावच्या माणसाने दहा वर्षे जळगावात किंवा धुळ्यात काढली, तरी अहिराणीचे एक वाक्य न बोलता त्याचा संसार सुरळीत चालू शकतो. शेजारी त्याच्याशी मराठीत बोलतात, घरकामाची बाई मराठीत बोलते, दूधवाला मराठीत हिशेब सांगतो. तो मात्र समजतो की, खानदेशात मराठीच बोलली जाते, फक्त काही लोकांचे उच्चार थोडे वेगळे आहेत. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात सासू-सुनांचे जे बोलणे चालते, त्याचा त्याला पत्ताच नसतो.

अशी परिस्थिती जगात इतरत्रही आढळते. उत्तर अटलांटिकमधल्या आइसलंड बेटाची वस्ती चार लाखांच्या आतबाहेर. तेथे राहावयास गेलेला परदेशी मनुष्य मोठ्या कष्टाने त्यांची भाषा शिकतो आणि दुकानात जाऊन दोन वाक्ये बोलू लागतो. तो अडखळला की समोरचा सौजन्याने इंग्रजीकडे वळतो. सौजन्य खरे, पण त्या सौजन्याची भिंत होते आणि शिकणारा बाहेरच राहतो. खानदेशातली गोष्ट वरवर पाहता अशीच दिसते. पण दोहोंत एक मोठे अंतर आहे. आइसलंडच्या माणसाला आपल्या भाषेचा अभिमान असतो. त्याचे शासन, त्याच्या शाळा आणि त्याचे ग्रंथ तिच्या पाठीशी उभे असतात. खानदेशातल्या मुलाला मात्र पिढ्यान्पिढ्या शाळेत सांगण्यात आले की, घरी बोलतोस ते अशुद्ध आहे. त्यामुळे बाजारातली बाई भाषा बदलते त्यात सौजन्य असते, तसाच थोडा संकोचही असतो. हा संकोच ओळखणे हाच नव्या माणसाचा खरा पहिला धडा होय.

आता ज्याला शिकावयाचे आहे त्याने प्रथम हे जाणावे की, खानदेशात बोली एकच नाही. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर त्यांची नावे अनुक्रमे जळगाव व धुळे अशी रूढ झाली आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. राज्यकारभाराच्या या रेघा भाषेने मानलेल्या नाहीत. अहिराणीचा मुख्य प्रदेश म्हणजे धुळे जिल्हा आणि जळगावकडील अमळनेर, पारोळे, चाळीसगाव हा भाग. तेथून ती नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण-मालेगावपर्यंत पोचते. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात लेवा समाजाची लेवा गणबोली चालते. जामनेरच्या बाजूस तावडी, शहादे-तळोद्याकडे गुजरी आणि सातपुड्याच्या डोंगरात भिली व पावरी. म्हणून रावेरच्या शेतकऱ्याशी पाठ केलेली अहिराणी बोलू लागणे म्हणजे सातारकराला मालवणी ऐकवण्यासारखे आहे. समोरचा कोठला हे विचारून मग तोंड उघडावे.

अहिराणीचे व्याकरण पाहू गेले तर ती बिघडलेली मराठी नव्हे, हे अर्ध्या तासात पटते. 'माझा, माझी, माझे' यांच्या जागी 'मना, मनी, मनं' येते. 'रामाचा घोडा' हा 'रामना घोडा' होतो. हे 'ना, नी, नं' आणि 'आहे'साठी येणारे 'शे' ऐकून गुजरातीची आठवण होते आणि ती गैर नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी वाट फार जुनी आहे. 'मला' म्हणजे 'माले', 'तुला' म्हणजे 'तुले'. 'इथे' म्हणजे 'आठे', 'तिथे' म्हणजे 'तठे'. मुलगा तो 'आंडोर', मुलगी ती 'आंडेर'. 'ण'कार बहुधा 'न'कार होतो, म्हणून पाण्याचे 'पानी'. 'आला' याला 'उना' आणि 'आली' याला 'उनी' म्हणतात. चालू क्रिया सांगण्याची तऱ्हा तर मोठी गोड आहे. 'कुठे जात आहेस?' याऐवजी 'कोठे जाई राहिना भो?' असे विचारतात. पुरुष 'मी जाई राहिनू' म्हणतो, तर बाई 'मी जाई राहिनी' असे उत्तर देते. प्रत्येक ठिकाणी नियम आहे आणि तो नियम न शिकलेले मूलसुद्धा चुकत नाही. ज्या बोलण्यात चूक आणि बरोबर यांचा एवढा काटेकोर भेद आहे, तिला अशुद्ध म्हणण्यात बोलणाऱ्याचेच अज्ञान दिसते.

विद्वानांनाही या भाषेने पेचात टाकले आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांच्या समवेत, तिचे वर्णन आले. उलट, तिला मराठीचीच बोली मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत. वाद चालू राहील. पण जनगणनेचे आकडे या वादापेक्षा अधिक बोलके आहेत. १९९१ साली आपली मातृभाषा खानदेशी म्हणून नोंदवणारे लोक सुमारे ९ लाख ७४ हजार होते. २००१ साली हाच आकडा २० लाख ७५ हजारांवर गेला आणि २०११ साली पुन्हा १८ लाख ६० हजारांवर उतरला. दहा वर्षांत माणसे दुप्पट जन्मत नाहीत, आणि पुढच्या दहा वर्षांत लाखो लोक आईची भाषा विसरतही नाहीत. दारात आलेल्या गणकाने विचारले तेव्हा कोणी घरातल्या भाषेचे नाव सांगितले आणि कोणी शाळेतल्या भाषेचे. बाजारातल्या बाईच्या मनात जी चलबिचल होते, तीच येथे लाखांच्या हिशेबाने कागदावर उतरली आहे.

भाषेची गोडी मात्र कागदात नाही, ती घरात आहे. आणि घरात शिरण्याचा खानदेशी मार्ग बहुतेक वेळा जेवणावरून जातो. हिवाळा लागला की शेतात भरताचा बेत होतो. मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांसह तेलात परततात. जळगावच्या या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भरतासोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी असते. ज्वारीबरोबर सालीचे उडीद दळून ते पीठ होते. अर्थात 'कळणा' हा 'कयना' झालेला कानी पडेल. पुरणपोळी येथे तव्यावर न करता पालथ्या खापरावर करतात. ती हातावर फिरवून एवढी मोठी करतात की, पोळपाटावर लाटणारीने नुसते पाहत राहावे. पाहुण्याने एक पथ्य पाळावे. पहिल्या वाढण्याला 'पुरे' म्हटले तर ते कोणी खरे मानत नाही. म्हणून खरोखर पुरे होण्याच्या थोडे आधीच म्हणण्यास आरंभ करावा.

हाक मारण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. आइसलंडात आडनावांची पद्धत जवळजवळ नाही आणि मोठ्या अधिकाऱ्यालाही त्याच्या पहिल्या नावानेच बोलावतात. खानदेशातली रीत बरोबर उलटी. वडीलधाऱ्या माणसाचे नाव जिभेवर येत नाही; आबा, अप्पा, नाना, तात्या, अण्णा यांपैकी एक हाक त्याला गावाने दिलेली असते. मान राखून 'जिभाऊ' म्हणतात. 'भो' हा भाऊ शब्दाचा आटलेला अवतार बरोबरीच्या माणसासाठी आहे. नव्या अधिकाऱ्याने तो हौसेने एखाद्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्यापुढे वापरला, तर शेतकरी हसून घेईल, पण मनात नोंद करील. 'राम राम' मात्र सर्वांना चालतो, आणि त्यामागोमाग 'आबा' आले तर संभाषण आपोआप ओट्यावर बसते.

सणांपैकी दोन नीट समजले पाहिजेत. कारण एकाने नवागत आनंदतो आणि दुसऱ्याने विनाकारण दुखावतो. पहिला सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरत्र हा सोनेखरेदीचा मुहूर्त. येथे तो दिवाळीच्या तोडीचा सण आहे. भाऊ बहिणीला आणावयास जातो आणि सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराई मांडली जाते, कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी सुरू होतात. घरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्यावर खरबूज ठेवतात, त्याला येथे 'डांगर' म्हणतात. पुण्यात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे तोंडीलावणे, हे ध्यानात घेऊन बाजारात मागणी करावी! त्या दिवशी आमरसाचा नैवेद्य पितरांना दाखवल्यावाचून अनेक घरांत आंबा तोंडात घालत नाहीत. सालदाराचे वर्षही आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजतात. त्याच दिवशी जुना हिशेब मिटतो आणि नव्या वर्षाचा बोल होतो. म्हणजे एकाच दिवशी मेलेल्यांचे पाणी, लेकींचे माहेर आणि राबणाऱ्यांचे वेतन यांची आठवण केली जाते. उन्हाने जमीन तापलेली, शेतीची कामे थांबलेली. अशा रिकाम्या पंधरवड्यातच हे सारे बसते. पुरुषमंडळींचा पत्त्यांचा डावही याच रिकामपणात रंगतो.

दुसरा सण कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात देवीची स्थापना होते, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. घरातले पुरुष मोजून त्या मानाने गहू घेतात व त्याचे 'रोट' करतात. अनेक कुळांत हे रोट भाऊबंदांपलीकडे कोणालाही देत नाहीत. वर्षभर वाटीतून भाजी पाठवणारी शेजारीण या दिवशी मात्र काही पाठवत नाही, हे पाहून परगावच्या बाईला वाटते की, काहीतरी बिनसले. बिनसलेले काहीच नसते. हा प्रसाद कुळाच्या मोजदादीचा आहे, तो आदरातिथ्याचा विषय नव्हे. कामासाठी सुरत-मुंबईकडे पांगलेले भाऊबंद या एका रविवारी गावी परततात, त्याचे कारणही हेच. ज्या घरात ही गोष्ट नव्या बाईला समजावून सांगितली जाते, त्या घराने तिला थोडे आत घेतले असे समजावे.

जळगावकडे मुलींसाठी भुलाबाई असते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती मांडून मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ कोणता ते ओळखतात. नव्या बिऱ्हाडातल्या मुलीला भाषा शिकण्याची याहून सोपी शाळा नाही. चुकले तरी हसणाऱ्या साऱ्या तिच्याच वयाच्या, आणि बक्षीस खाण्याचे!

परगावचे लोक येऊन येथले झाल्याची उदाहरणे खानदेशाने पाहिली आहेत. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, छात्रालयातल्या मुलांत राहिले आणि पुढे त्यांच्या सार्वजनिक कार्याचे क्षेत्रही हाच प्रदेश झाला. विनोबांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, ती साने गुरुजींनीच उतरून घेतली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यास काढली. १९२६च्या अखेरीस ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. भुसावळचे रेल्वे जंक्शन तर आपल्याबरोबर देशभरची माणसे घेऊनच वाढले.

आणि घरातल्या भाषेची योग्यता काय हे सांगावयास असोद्याच्या बहिणाबाई चौधरी पुरेशा आहेत. १८८० साली जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर तिने ज्या भाषेत गाणी रचली, ती तिच्या घरातलीच बोली होती. मुलगा सोपानदेव कवी होता, म्हणून ती कागदावर राहिली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने गाणी प्रसिद्ध झाली. 'ओढाळ'चे 'वढाय' करणारा तोच 'य' तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्राने पाठ केला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव मिळाले. ज्या उच्चाराबद्दल वर्गात मुलाला टोकले जाते, तोच उच्चार पाठ्यपुस्तकातल्या कवितेत गौरवाने शिकवला जातो, ही विसंगती खानदेशी मुलाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

आज या भाषेपुढचा धोका बाहेरून आलेला नाही, तो घरातच आहे. शहरातली तरुण आई सासूशी अहिराणीत बोलते, नवऱ्याशी अहिराणीत भांडते आणि मुलाकडे वळताच मराठी किंवा इंग्रजी धरते. मुलाचे भले व्हावे म्हणूनच ती असे करते, तिला दोष कसा द्यावा? पण त्या मुलाला आजीची भाषा समजते, बोलता येत नाही. आणि त्याच्या मुलाला ती समजणारही नाही. शब्दकोश तयार झाले, संमेलने भरतात, गाणी आणि चित्रफिती निघतात. हे सारे उपयुक्त आहे. तथापि आईच्या मनातला संकोच कोशाने जात नाही. आपली भाषा कोणाला तरी हवी आहे, असे तिला प्रत्यक्ष दिसावे लागते.

येथे परगावच्या माणसाचे काम पडते. त्याला अहिराणीवाचून काही अडत नाही आणि म्हणूनच त्याच्या शिकण्याला किंमत आहे. गरजेपोटी शिकणारा व्यवहार शिकतो. गरज नसता शिकणारा मान देतो. एवढे मात्र सांभाळावे की, नाटकातल्या गड्यासारखी बोलीची नक्कल करून हशा पिकवू नये. तसल्या हशानेच पुष्कळ घरांत ही भाषा दबली आहे. शिकण्यास तीन शब्दांचे एक वाक्य पुरे आहे: 'हाई काय शे?' म्हणजे 'हे काय आहे?' वांग्याकडे, खापराकडे, झोक्याकडे, घागरीकडे बोट दाखवून ते विचारावे. समोरचा पहिल्याने मराठीत उत्तर देईल. रागावू नये, पुन्हा तेच विचारावे. दुसऱ्या वेळी तो हसेल. ते हसू आपल्यावर नसून आनंदाचे आहे असे समजून थांबावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी केव्हातरी उत्तर त्याच्या भाषेत येते.

बाजारातली बाईही एक दिवस वांगी तोलता तोलता भाषा न बदलता बोलते. भावात त्यामुळे काही सूट मिळते असे नाही. पण तिच्या शेजारी बसलेली, शाळेत जाणारी तिची मुलगी ते ऐकत असते. परगावचा, शिकलेला, कचेरीतला माणूस आपल्या आईची भाषा विचारून घेतो, हे ती पाहते. आणि त्या संध्याकाळी आजीने हाक मारल्यावर मराठीत उत्तर द्यावयाचे की अहिराणीत, याचा विचार बहुधा प्रथमच तिच्या मनात येतो.